वसईतील सर्वोत्तम, स्वस्त आणि खात्रीशीर

पहाटे अडीच-तीनच्या सुमारास, शेवटची विरार लोकल रिकामी झालेली असते आणि पहिली अजून सुटायची असते, तेवढ्या फटीत कोणी एक गृहस्थ मराठी विकिपीडियावर खाते उघडतात. उघडल्याबरोबर सदस्यपानावर स्वतःची ओळख करून देतात. मुक्काम ऑस्ट्रिया, वय चौतीस, एक धाकटी बहीण, छंद नाणी जमवणे आणि पतंग उडवणे. शेवटच्या ओळीत, निघता निघता आठवण झाल्यासारखा, छपराची गळती थांबवणाऱ्या एका कंपनीचा दुवा. पाच मिनिटांनी एक बाई येतात. त्या डेन्मार्कच्या. वय एकतीस, दोन भाऊ, छंद पक्षिनिरीक्षण. गळती तीच.

ही मंडळी माणसे नसतात हे सांगायला नकोच. कुठल्या तरी खोलीतल्या संगणकाला कोणी तरी साचा भरून दिलेला असतो: देश, वय, भावंडे, छंद, छप्पर. तो जगातल्या शेकडो भाषांच्या विकींवर एका रात्रीत फिरून येतो. मराठी त्याला येत नाही, आणि येत नसल्याचे दुःखही नाही. पण नेमाने येतो, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राची लोकसंख्या बारा कोटींच्या वर. त्यातले मराठी विकिपीडियावर नित्यनेमाने लिहिणारे लोक लोकलच्या एका डब्यात बसून जातील आणि खिडकीवरून भांडणही होणार नाही. अशा घरात रोज रात्री न चुकता येणाऱ्या पाहुण्याला हाकलताना हात जरा जड होतो.

लोकलच्या डब्याचे नाव निघालेच आहे तर सांगतो. विरार लोकलमध्ये दाराजवळ, आसनांच्या पाठीवर, डोक्यावरच्या पत्र्यावर जी चिकटपत्रे असतात ती लावताना मी कधी कोणाला पाहिलेले नाही. बाबा बंगाली, घरबसल्या कमाई, सौतन से छुटकारा, एका तासात कर्ज. डबा यार्डातून येतो तेव्हा बाबा आधीच स्थानापन्न झालेले असतात. डबा सगळ्यांचा असल्यामुळे चिकटवणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि डबा सगळ्यांचा असल्यामुळेच खरवडणार कोण हेही ठरत नाही. तरी नालासोपाऱ्याला चढणारा एखादा वेडा निघतो. तो दहिसर येईपर्यंत नखाने बाबांचा फोन नंबर खरवडत बसतो. शेजारचा विचारतो, “तुम्ही रेल्वेत आहात का?” तो म्हणतो, “नाही.” मग शेजारचा थोडा सरकून बसतो. मराठी विकिपीडियावर अशा वेड्यांना ‘अलीकडील बदल’ पाहणारे म्हणतात आणि मी त्यांच्यापैकी एक आहे.

मूळ कल्पना भाबडीच होती. अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली असे संकेतस्थळ काढले की ज्यावरचे पान वाचणाऱ्यालाच ते दुरुस्त करता यावे. परवानगी नाही, अर्ज नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या नाहीत. २००१ च्या जानेवारीत त्याच तत्त्वावर विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, मराठी विकिपीडिया. जगातल्या कोणालाही काहीही लिहिता येईल, ही ती थोर कल्पना. ती सर्वात आधी नीट समजली ती जगातल्या कोणालाही काहीही विकू पाहणाऱ्यांना.

वास्तविक विकणाऱ्याला आपल्या वाचकाशी देणेघेणे नसते. मराठी विकिपीडिया वाचणारा अंबाजोगाईचा मास्तर डेन्मार्कहून छप्पर दुरुस्त करून घेणार नाही हे त्यालाही कळते. त्याचे लक्ष गुगलकडे. मोठ्या संकेतस्थळावरून आपल्याकडे दुवे आले की आपले वजन वाढते आणि शोधात आपण वर येतो, असा त्याचा हिशेब. हा हिशेब चुकवावा म्हणून इंग्रजी विकिपीडियाने २००७ च्या जानेवारीत बाहेर जाणाऱ्या सगळ्या दुव्यांवर एक खूण लावली, की शोधयंत्रांनी हे दुवे जमेस धरू नयेत. ती व्यवस्था आता सगळ्या विकिपीडियांवर आहे. म्हणजे आता या दुव्यांतून मिळायचे फारसे काही नाही. तरीही दुवे येतच राहिले. कारण मोफत काम करणारा मनुष्य थकतो, मोफत काम करणारे यंत्र थकत नाही, आणि त्याला कामाला लावणाऱ्याने २००७ पासूनच्या सूचना वाचलेल्या नसतात.

या अनाहूत जाहिरातबाजीचा आद्यपुरुषही असाच आशावादी होता. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थुर्क नावाच्या अमेरिकन विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकाची जाहिरात तेव्हाच्या अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. लोक खवळले, सरकारी माणसाचा दम देणारा फोन आला. एवढे करून संगणक मात्र विकले गेले म्हणतात. तेथेच जगाचा घात झाला. संगणक विकले गेले नसते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

या पाहुण्यांना रोखायला मराठी विकिपीडियावर ‘संपादन गाळणी’ आहे. कोणी नव्या खात्यावरून पानभर रोमन लिपी ओतली, लेख कोरा केला, शिवी लिहिली, की गाळणी हात धरते. बिचारी इमानी आहे, पण शब्दाच्या पुढचे तिला कळत नाही. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचे गाव आहे. १९९६ साली तेथल्या लोकांना एका अमेरिकन कंपनीत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. आपल्याकडे पुण्याजवळच्या एका औद्योगिक उपनगराचे नाव गाळणीला समजावून सांगणे किती नाजूक काम आहे, याचा वाचकांनी मनातल्या मनात विचार करावा.

दुसरा उपाय म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. नवख्या सदस्याने लेखात बाहेरचा दुवा घातला की विकिपीडिया त्याला वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरे दाखवतो आणि ती ओळखून लिहायला सांगतो. आगाशीचा एखादा निवृत्त मराठी शिक्षक ज्ञानेश्वरीवर लिहायला बसतो आणि त्याला आधी इंग्रजीत माणूस व्हावे लागते. इतर संकेतस्थळे नऊ चौकोन दाखवून ‘सिग्नल असलेले निवडा’ म्हणतात. ज्याने उभी हयात वसईत स्कूटर चालवण्यात घालवली त्याला हे विचारणे क्रूर आहे. यंत्रे मात्र ही परीक्षा आता माणसांपेक्षा बरी उत्तीर्ण होतात.

यंत्रांचा त्रास तरीही सोसण्यासारखा. ऑस्ट्रियाच्या गृहस्थांना उडवले तर ते दुसऱ्या दिवशी डेन्मार्कहून येतात. ‘तुम्ही कोण मला उडवणारे’ असे विचारत नाहीत. खरी कसोटी आपल्या माणसांशी आहे.

वसईवरचा लेख घ्या. या गावाच्या वाट्याला इतिहास भरपूर आला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात ती पोर्तुगिजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि त्यावेळी उतरवलेल्या चर्चच्या घंटा अजून महाराष्ट्रातल्या देवळांतून वाजतात. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह करून पेशवाई जवळजवळ लिहून दिली. इतके सगळे वाचून माणूस गंभीर होतो न होतो तोच पुढच्या ओळीत कळते की किल्ल्याला भेट देणाऱ्यांसाठी राजोडीच्या किनाऱ्यावर वातानुकूलित खोल्या, तरणतलाव आणि शुद्ध जैन भोजनाची सोय आहे. त्याखाली पॅकर्स अँड मूव्हर्स. त्याखाली ढेकूण-झुरळांचा हमखास बंदोबस्त. बहादूरशहा, चिमाजी अप्पा, बाजीराव आणि झुरळे ही मालिका कालक्रमानुसार आहे असेच म्हणावे लागते. हे सगळे मी द्रुतमाघारीचे बटण दाबून घालवतो. द्रुतमाघार, म्हणजे एका टिचकीत लेख होता तसा करणे, हे विकिपीडियावरचे अस्त्र आहे. बाजीरावाने शोधले असावे असे नावावरून वाटते, पण नाही.

छायाचित्रकारांची तऱ्हा वेगळी. वसईचा किल्ला म्हणजे लग्नाआधीच्या फोटोंचे माहेरघर. सिनेमावाले तेथे येऊन गेले, २०१६ च्या गाण्याच्या चित्रफितीसाठी कोल्डप्लेही येऊन गेले, तेव्हा आपल्या वधूवरांनी का मागे राहावे? पण मग ते फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक कोठारात, चढतात. ‘वसई किल्ल्याचे विहंगम दृश्य’ असे शीर्षक असते. दृश्यात मधोमध नवरदेव, त्यांच्या हातात फुगे, नवरी कमानीत धावताना. पडक्या चर्चचा एक कोपरा उजवीकडे चुकून आला आहे. आणि सगळ्या चित्रावर तिरक्या, पारदर्शक अक्षरांत स्टुडिओचे नाव आणि मोबाईल नंबर. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ साली जपानात नागासाकीला क्रूसावर गेलेल्या संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचे चर्च ज्या किल्ल्यात आहे, त्या किल्ल्याचे बरे चित्र शोधायचे तर आधी शंभर नवरदेव बाजूला करावे लागतात.

एकदा एका शिकवणीवाल्या तरुणाने वसई रोड स्थानकाच्या लेखात आपल्या क्लासचा परिच्छेद घातला. मी काढला. त्याने परत घातला. मी त्याच्या चर्चापानावर सौम्य शब्दांत लिहिले की विकिपीडियावर जाहिरात करता येत नाही. उत्तर आले, “काका, ही जाहिरात नाही, माहिती आहे. क्लास स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे हे खोटं आहे का?” मी म्हटले, “खरं असेल रे, पण त्याला संदर्भ हवा.” त्याने संदर्भ दिला: क्लासची पत्रिका, पान एक. मी म्हटले, “त्रयस्थाचा हवा.” तर म्हणाला, “काका, तुम्ही स्वतः येऊन चालून बघा ना.” आता या पोराला काय सांगायचे? त्याला मी काका आहे हे कसे कळले, हेही मला अजून उलगडलेले नाही. मी तेथे टोपणनावाने असतो.

पुढारी मात्र काका म्हणत नाहीत. त्यांचे कार्यकर्ते तर अजिबात नाही. वाढदिवस जवळ आला की विकिपीडियावर एक नवे चरित्र उगवते. ‘यांचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासूनच त्यांना समाजसेवेची आवड होती.’ या दोन वाक्यांनी सुरू न होणारे चरित्र मी पाहिलेले नाही. पुढे कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचा कैवारी. मजकूर चौकातल्या फ्लेक्सवरून उतरवलेला असतो, म्हणून शुभेच्छुकांची नावेही लेखाच्या तळाशी येतात, बारीक फोटोंसकट. संदर्भ म्हणून जोडलेले वृत्तपत्राचे कात्रण पाहिले तर ती वाढदिवसाची जाहिरात असते. लेख काढला की चर्चापानावर पहिला प्रश्न येतो, “तुमच्यावर कोणाचा दबाव आहे?” दुसरा प्रश्न, “तुमचा साहेब कोण?” विकिपीडियावर साहेब नसतो, हे उत्तर महाराष्ट्रात कोणालाही पटलेले मी पाहिले नाही. ‘साहेब नाही म्हणजे फार वरचा असणार’ असा त्याचा अर्थ घेतला जातो आणि पुढची भाषा एकदम मवाळ होते. तेव्हापासून मी ते उत्तर जरा थांबून, गूढपणे देतो.

यात एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इंग्रजी विकिपीडियाचे नियम लिहिणाऱ्यांना वाटते की स्तुती आणि माहिती वेगवेगळ्या असतात. आपल्याकडे तसा काही करार झालेला नाही. लग्नपत्रिका, श्रद्धांजली, सत्कार, पुस्तकाची प्रस्तावना, गावच्या जत्रेचे निवेदन, सगळीकडे माणसाची ओळख करून द्यायची म्हणजे त्याला थोडे वर उचलायचे. तेव्हा एखादा पोरगा आपल्या गावच्या सरपंचावर ‘लाडके व्यक्तिमत्त्व’ लिहितो तेव्हा तो फसवत असतोच असे नाही; त्याला शाळेत निबंध असाच शिकवलेला असतो. उडवायचे ते उडवतोच. पण ऑस्ट्रियाच्या छपराला आणि या पोराला एकच बटण दाबताना मला बरे वाटत नाही.

बाहेर मात्र याचा रीतसर धंदा झालेला आहे. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने एका फटक्यात ३८१ खाती बंद केली. त्या टोळीची पद्धत पाहण्यासारखी होती. छोटे धंदेवाले आणि कलाकार स्वतःवर लेख लिहून पाठवायचे, तो नामंजूर व्हायचा. मग टोळीचा माणूस त्यांना गाठायचा: पैसे द्या, लेख चढवतो. लेख चढला की काही दिवसांनी परत निरोप: लेख टिकवायचा असेल तर महिन्याला इतके इतके द्या. सगळ्या जगाला धक्का बसला, लंडनच्या वर्तमानपत्रांत रकाने आले. आपल्याकडे ज्यांनी रस्त्याकडेला वडापावची गाडी लावली आहे त्यांना यात बातमी कुठे आहे ते कळणार नाही.

नकाशावर तर हे प्रकरण थेट खिशात हात घालते. गुगलच्या नकाशात दुकानाचा किंवा बँकेचा फोन नंबर कोणीही सुचवू शकतो, ही सोय लोकांच्या भल्यासाठी केलेली. २०१८ साली ठाणे-मुंबई भागातल्या लोकांना कळले की नकाशातल्या बँक ऑफ इंडियाच्या काही शाखांच्या नंबरांवर भामट्यांनी आपले नंबर टाकून ठेवले आहेत. लोक बँक समजून फोन करायचे, पलीकडून कार्डाचा तपशील विचारला जायचा, आणि तो दिला जायचा, कारण फोन आपणच केलेला होता. महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे तक्रारी गेल्या. येथे विनोद संपतो. पुढारी फार तर स्वतःला कार्यसम्राट म्हणवतो. हे लोक पेन्शन नेतात.

ओपनस्ट्रीटमॅपवर, जो नकाशा २००४ पासून लोकांनीच मिळून काढत आणला आहे, पैसे कोणी नेत नाही, पण तेथे दुकानाच्या नावाच्या रकान्यात नाव सोडून सगळे असते. ‘वसई पूर्व वसई पश्चिम नालासोपारा विरार येथील सर्वोत्तम स्वस्त खात्रीशीर फ्रीज एसी वॉशिंग मशीन दुरुस्ती’ हे एका गाळ्याचे नाव म्हणून दिलेले असते. नकाशावर हे नाव गाळ्याच्या टिंबापासून निघून खाडीपर्यंत जाते. शोधणाऱ्याला गाळा सापडत नाही, खाडी सापडते.

आमच्या इमारतीतल्या एका संगणक अभियांत्रिकीच्या मुलाने मला वेगळेच ज्ञान दिले. मुक्त सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपला कोड गिटहबवर उघडा ठेवतात. कोणीही सुधारणा सुचवावी, मालकाने तपासून घ्यावी. एक अमेरिकन कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला यात उत्सव करते. त्या काळी चार सुधारणा सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. बक्षीस असे ठेवले, की टी-शर्टाच्या कापडापेक्षा सुधारणा स्वस्त. २०२० च्या ऑक्टोबरात एका लोकप्रिय यूट्यूबवाल्याने सुधारणा कशी सुचवायची ते दाखवताना माहितीच्या पानावर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे दोन शब्द वाढवून दाखवले. मग काय विचारता? जगभरातल्या प्रकल्पांवर ‘अमेझिंग प्रोजेक्ट’चा पाऊस पडला. अभियंत्यांना रात्रंदिवस एवढेच काम उरले की ‘आपला प्रकल्प अमेझिंग आहे’ ही सूचना नम्रपणे नाकारायची. कंपनीला तिसऱ्याच दिवशी नियम फिरवावा लागला: ज्याला उत्सव हवा आहे त्याच्याच दारात जा.

२०२४ च्या सुरुवातीला असेच पुन्हा झाले. शिकवणीच्या चित्रफितीत एका नामांकित प्रकल्पाच्या पानावर नाव कसे घालायचे ते दाखवले, आणि आपल्याकडच्या असंख्य विद्यार्थ्यांनी त्याच प्रकल्पाच्या त्याच पानावर स्वतःची नावे पाठवली. तो प्रकल्प जगातल्या असंख्य संकेतस्थळांच्या पोटात कुठे ना कुठे असतो. परदेशातले लोक म्हणाले, भारतीय मुले स्पॅम करतात. मला तसे वाटत नाही. त्यांनी फळ्यावरचे उतरवून घेतले. गुरुजींनी लिहिले ते अक्षरशः उतरवून घ्यायचे, मधे डोके चालवले तर मार्क जातात, हे आपण त्यांना पहिलीपासून पंधरा वर्षे शिकवत आलो. गिटहब त्या वहीचे शेवटचे पान. आमच्या इमारतीतल्या मुलाला मी विचारले, “मग तू केलंस की नाही?” तो म्हणाला, “काका, माझ्या वर्षी टी-शर्ट बंद झाला होता.”

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. पूर्वी यंत्राचे मराठी लगेच ओळखू यायचे. ‘आपले छप्पर आहे का दुःखी?’ असले काही लिहिले की मजकूर कुठून आला ते कळायचे. आता मजकूर नितळ येतो. ‘समृद्ध वारसा लाभलेले वसई हे निसर्गसौंदर्य आणि संस्कृती यांचा मनोहारी संगम आहे’, पुढे आठ परिच्छेद तसेच, आणि त्यांत माहिती म्हणून एकही नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळे जागच्या जागी. मराठी विकिपीडियावर कोणी ‘आणि’मधला ‘णि’ पहिल्या फटक्यात ऱ्हस्व लिहिला की आताशा मला संशय येतो. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये नियमच केला, की ज्या लेखात यंत्र वापरणाऱ्याशी बोलल्याच्या खुणा राहून गेल्या आहेत, किंवा अस्तित्वात नसलेली पुस्तके संदर्भ म्हणून दिलेली आहेत, तो चर्चेशिवाय उडवावा. खुणा कसल्या, तर लेखाच्या सुरुवातीला ‘नक्कीच! हा घ्या तुमचा लेख’ हे वाक्य तसेच राहिलेले असते. मराठीतही राहते. चिकटवणाऱ्याने पहिली ओळसुद्धा वाचलेली नसते, आणि आम्ही मात्र शेवटपर्यंत वाचतो. आमचा आणि त्यांचा सगळा असमतोल एवढ्यात येतो: लिहायला त्यांना दहा सेकंद, खोटे संदर्भ तपासायला आम्हाला एक संध्याकाळ.

अशा संध्याकाळी गेल्या की माणसाचा स्वभाव बिघडतो. दिसेल त्यावर बटण दाबावेसे वाटते. अमेरिकेतल्या आरन हाफाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची संख्या २००७ पर्यंत वाढत गेली आणि मग घसरू लागली. चोरटे पकडायला बसवलेली यंत्रे आणि कडक केलेले नियम भल्या नवख्यांनाही पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवत होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. इंग्रजीत नवखे गेले तर दुसरे येतात. मराठीत एक गेला की तो डबा पुढे तसाच रिकामा चालतो.

म्हणून सुकेळीची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, गोष्ट सांगण्यासारखी आहे. वसईच्या एका बाईंनी मोबाईलवरून सुकेळीची माहिती लिहिली. राजेळी केळी कधी उतरवायची, किती पिकू द्यायची, सोलून उन्हात कशी मांडायची, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, ढग आले तर काय करायचे, आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानात कशी बांधायची. असे कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. मराठी कादोडी बोलीच्या वळणाचे, विरामचिन्हे जवळपास नाहीत, संदर्भ शून्य. शेवटी लिहिले होते, ‘घरची सुकेळी मिलेल’ आणि मोबाईल नंबर. पहाऱ्यावरच्या एका सदस्याने नंबर पाहिला आणि अख्खा मजकूर उलटवला. कारण म्हणून लिहिले: जाहिरात.

नियमाने त्याचे काही चुकले नव्हते. मी मजकूर परत आणला, नंबर तेवढा काढला, सुकेळीवर छापून आलेले काही सापडेल तेथून संदर्भ लावले आणि बाईंच्या चर्चापानावर लिहिले: “ताई, माहिती फार छान आहे, ठेवली आहे. फक्त विकिपीडियावर फोन नंबर चालत नाही, म्हणून काढला.”

दोन दिवसांनी उत्तर आले. “काढला ते ठीक भाऊ. पण वाचून कोणाला खावीशी वाटली तर ते कुटे जातील?”

यावर विकिपीडियाचे धोरण काही म्हणत नाही, मी शोधले. चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारावे असे मनात आले, पण चावडीवर यावर तीन महिने चर्चा झाली असती. शिवाय तोवर मलाच खावीशी वाटू लागली होती. विकिपीडियावर पुसलेला मजकूर सहसा नाहीसा होत नाही, लेखाच्या इतिहासात जुन्या आवृत्तीत तसाच राहतो. मी ‘इतिहास पहा’वर टिचकी मारली, बाईंची आवृत्ती उघडली, नंबर उतरवून घेतला आणि एक किलो सांगितली. भाव बाजारापेक्षा थोडा जास्त होता. त्यांनी विचारले, नंबर कुठून मिळाला? मी म्हटले, विकिपीडियावरून.